प्रौढ वयात फुप्फुसांची ताकद कशी कमी होते : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतून छातीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांशी रोज बोलणं होतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात आणि दवाखान्याच्या गर्दीत त्यांची उत्तरं घाईत दिली जातात. म्हणून ती इथे सावकाश लिहिली आहेत. सगळ्यात जास्त काळजी एका वाक्याची वाटते: “आता वय झालं, धाप लागणारच.” या वाक्यामुळे कितीतरी माणसं पाच-सात वर्षं उशिरा तपासायला येतात.

वय वाढलं की फुप्फुसं कमजोर होतातच का?

होतात, सगळ्यांचीच. फुप्फुसांची वाढ विशीच्या सुरुवातीपर्यंत चालते. मुलींची थोडी आधी पूर्ण होते, मुलांची पंचविशीपर्यंत लांबू शकते. मग काही वर्षं ताकद स्थिर राहते आणि तिशीनंतर हळूहळू उतरणीला लागते.

ही उतरण मोजण्यासाठी एक आकडा वापरतात, एफईव्ही-१. छाती भरून श्वास घ्यायचा, पूर्ण जोर लावून बाहेर फुंकायचा आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजायचं. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटतो. उतारवयात वेग थोडा वाढतो.

ढोबळ हिशेब करून पाहा. पंचविशीत एखाद्याचा एफईव्ही-१ साडेतीन लिटर आहे. वर्षाला ३० मिलिलिटर धरले तर ६५ व्या वर्षी २.३ लिटर उरतात. त्यात बाजार, जिना, नातवंडांमागे धावणं, सगळं निभतं. घट दुप्पट वेगाने, म्हणजे वर्षाला ६० मिलिलिटरने झाली, तर त्याच वयाला हातात १.१ लिटर उरतात आणि अंघोळ करतानाही दम लागू शकतो. घट थांबवणं कुणाच्या हातात नाही. तिचा वेग मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आत नेमकं काय बदलतं?

फुप्फुसं ताणली जातात आणि आपल्या लवचिकपणाने परत आकसतात, म्हणून श्वास सोडायला निरोगी माणसाला जोर लावावा लागत नाही. वयाबरोबर हा लवचिकपणा कमी होतो, जुन्या मोज्याचं इलॅस्टिक सैल पडावं तसा. लहान श्वासनलिकांना बाहेरून धरून ठेवणारा ताणही मग सैलावतो आणि श्वास सोडताना त्या लवकर मिटतात. हवा आत अडकून राहते. गंमत अशी की फुप्फुसांची एकूण क्षमता फारशी बदलत नाही. न निघणारी शिळी हवा वाढते आणि कामाची हवा कमी होते.

दुसरा बदल पिंजऱ्याचा. बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चेत कॅल्शियम साठतं, छाती ताठर होते. मणके झिजून पाठीला बाक आला की जागा आणखी कमी होते. ज्या आजींची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांच्यात हे ठळक दिसतं. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही बाकीच्या स्नायूंसारखेच अशक्त होतात.

तिसरा बदल संरक्षणाचा. श्वासनलिकांतली धूळ-कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, खोकल्याचा जोर कमी होतो. सत्तरीतल्या माणसाला साध्या सर्दीतून न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो, त्याचं हे एक मोठं कारण.

मग धाप लागते ती वयामुळेच ना?

नाही, असं गृहीत धरू नका. निसर्गाने फुप्फुसांना भरपूर राखीव ताकद दिली आहे. बसून पेपर वाचताना आपण तिचा अगदी थोडा भाग वापरतो. त्यामुळे निरोगी म्हातारपणात रोजच्या कामांना दम लागू नये. तो लागतो आहे म्हणजे राखीव साठा बराच खर्च झाला आहे किंवा दुसरीकडे कुठे बिघाड आहे.

दुर्दैवाने ही घट माणसाला जाणवत नाही, कारण तो नकळत स्वतःला आखडून घेतो. आधी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत पायी जाणारे काका रिक्षा करू लागतात. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या काकू खालीच दोरी बांधून घेतात. सराफ्यात रात्री फिरायला जाताना सगळ्यांच्या मागे राहणारे आजोबा पुढच्या वेळी “तुम्ही जाऊन या, मला कंटाळा आला” म्हणतात. विचारलं तर तिघेही सांगतील, मला काही त्रास नाही. आणि ते खरंच सांगत असतात, कारण त्रास होईल असं काही ते करतच नाहीत.

म्हणून घरच्यांना मी वेगळा प्रश्न विचारतो: दोन वर्षांपूर्वी ते काय करत होते जे आता करत नाहीत? सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या माणसाबरोबर चालताना मागे पडत असतील, किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही थांबावं लागत असेल, तर तपासणी हवीच. कारण फुप्फुसांतच असेल असं नाही. हृदय, रक्त कमी असणं, थायरॉइड, वाढलेलं वजन यांनीही धाप लागते, आणि यातल्या बहुतेकांवर चांगले उपचार आहेत.

धाप अचानक लागली, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसताहेत, थुंकीतून रक्त पडतंय किंवा एकाच पायाला सूज आली आहे, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

चाळीस वर्षं सिगारेट ओढली. आता साठीला सोडून काय उपयोग?

खूप उपयोग आहे, आणि हे मोजून सिद्ध झालेलं आहे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या कामगार पुरुषांचा आठ वर्षं पाठपुरावा करून १९७७ मध्ये निष्कर्ष मांडले. धूम्रपानाचा त्रास होणाऱ्यांमध्ये घट वेगाने होते. सोडल्यावर गेलेली ताकद परत येत नाही, पण पुढची घट जवळपास न ओढणाऱ्या माणसाच्या वेगावर येते.

पुढे अमेरिका आणि कॅनडात ‘लंग हेल्थ स्टडी’ झाली. श्वासनलिकांत सौम्य अडथळा सुरू झालेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना त्यात घेतलं होतं. अकरा वर्षांनंतर पाहिलं तेव्हा सिगारेट कायमची सोडलेल्या पुरुषांत घट वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर होती, ओढत राहिलेल्यांत सुमारे ६६. बायकांमध्ये हेच आकडे साधारण २२ आणि ५४ होते. पुरुषांमधला हा फरक अकरा वर्षांत ४०० मिलिलिटरच्या आसपास जातो. वर म्हटलेल्या १.१ लिटरवाल्या माणसाला ४०० मिलिलिटर जास्त मिळाले तर तो कुणाच्या मदतीशिवाय अंघोळ करू शकेल. म्हणून साठीतल्याला मी सोडा म्हणतो, सत्तरीतल्यालाही म्हणतो.

“कमी केली आहे, दोनच ओढतो” याने समाधान मानू नका. पूर्ण सोडण्याचा जो फायदा आहे तो कमी करण्यात मिळत नाही. बिडी लहान आणि देशी म्हणून निरुपद्रवी समजतात. तिचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य अजिबात नाही. आणि नुसत्या निर्धारावर जमत नसेल तर निकोटिनची गोळी, पट्टी किंवा औषध घेण्यात कमीपणा कसला?

घरात कुणीच ओढत नाही, तरी आईला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) निघाला. असं कसं?

आईचं बालपण कुठे गेलं ते विचारा. मालव्यातल्या किंवा खानदेशातल्या खेड्यात लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीजवळ पंधरा-वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बायका आज साठीच्या पुढे आहेत. गॅस नंतर आला, तोवर धुराने श्वासनलिकांवर आपलं काम केलेलं होतं. भारतात कधीही धूम्रपान न केलेल्या सीओपीडी रुग्णांचं प्रमाण मोठं आहे, आणि चुलीचा धूर हे त्याचं प्रमुख कारण. अशा आईला डॉक्टर जेव्हा विचारतात, “धूम्रपान?” तेव्हा ती “नाही” म्हणते आणि विषय संपतो. तुम्ही सोबत असाल तर चुलीचं सांगा.

शहरातल्या बंद खोलीतला धूरही मोजा. डासांच्या एका अगरबत्तीतून, म्हणजे आपल्या कछव्यातून, निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दारं-खिडक्या लावून रात्रभर तो उशाशी जाळणं सोडून द्या. मच्छरदाणी लावा.

मी बत्तीस वर्षांचा आहे, मला काही होत नाही. मी हे का वाचू?

कारण उतरण कुठून सुरू झाली यावर शेवट कुठे होणार हे ठरतं. २०१५ मध्ये पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांच्या पाठपुराव्याची माहिती एकत्र करून दाखवलं, की सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांची घट वेगवान नव्हतीच. त्यांची फुप्फुसं तरुणपणीच कमी ताकदीची होती. कमी दिवसांचा जन्म, बालपणातले न्यूमोनिया, नियंत्रणात नसलेला दमा, आईवडिलांचं धूम्रपान, प्रदूषित हवा, यांमुळे वाढ अपुरी राहते.

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात प्रदूषित भागातल्या मुलांची फुप्फुसं कमी वाढलेली आढळली, आणि पुढे हवा सुधारल्यावर नंतरच्या पिढीतल्या मुलांची वाढही सुधारली. म्हणजे आज्यांच्या धापेचा विचार नातवंडांच्या खोकल्यापासून सुरू व्हायला हवा. मुलाला दमा असेल तर “मोठा झाला की जाईल” म्हणून औषधाचा पंप (इनहेलर) टाळू नका. तुम्हाला लहानपणी वारंवार छातीचा त्रास झाला असेल तर तिशीत एकदा तपासणी करून आकडा लिहून ठेवा. पुढे तुलनेला स्वतःचाच जुना आकडा असणं फार मोलाचं असतं.

इंदूर तर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर. इथल्या हवेची काय काळजी?

२०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही शहर मोठ्या शहरांत पहिलं आलं. पण झाडलेला रस्ता आणि श्वासात जाणारे सूक्ष्म कण या वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५, म्हणजे याच सूक्ष्म कणांसाठी, वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचवली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. देशाची मर्यादा पाळली गेली म्हणजे हवा निरुपद्रवी झाली असं होत नाही.

इथल्या वर्षात काही काळ जपायचे असतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा फिरायला ऊन वर आल्यावर जावं. गव्हाची कापणी झाली की आसपासच्या शेतांत नरवाई, म्हणजे उरलेले खुंट, जाळतात, तेव्हा रुग्ण वाढतात. दिवाळीचं सांगायला नकोच. आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक! राजवाड्यावर उडणारा गुलाल पाहणं हा आनंद आहे, पण दमा किंवा सीओपीडी असेल तर तो गर्दीत उभं राहून घेऊ नका.

कूलर आणि कबुतरांमुळे फुप्फुसं खराब होतात हे खरं का?

काहींच्या बाबतीत खरं आहे. श्वासनलिका अरुंद होण्यापेक्षा हा वेगळा आजार. बुरशी किंवा पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांतली प्रथिनं यांच्याविरुद्ध शरीर आतून दाह निर्माण करतं आणि फुप्फुस हळूहळू ताठर होतं. भारतात अशा ताठर फुप्फुसांच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्म्यांना हाच ॲलर्जीचा प्रकार होता आणि कूलरचा संबंध बऱ्याच जणांत आढळला.

आपल्याकडे मार्चमध्ये कूलर माळ्यावरून उतरतो आणि मागच्या वर्षीच्या खस-गवतासकट सुरू होतो. तसं करू नका. गवत दरवर्षी बदला, टाकी रिकामी करून घासा, पाणी साचू देऊ नका. गॅलरीत कबुतरांना दाणे टाकणं थांबवा, जाळी लावा. साफ करताना विष्ठा आधी ओली करा आणि मास्क घाला. कोरडा खोकला आणि वाढती धाप असेल तर डॉक्टरांना कूलरचं आणि कबुतरांचं आपणहून सांगा.

कामाच्या धुळीचं काय?

दगड फोडणं, घासणं, वाळूचा मारा करून धातू साफ करणं, सिमेंट, सूत, वेल्डिंगचा धूर, या सगळ्यांनी घट वेगवान होते. सगळ्यात क्रूर धूळ सिलिकाची, कारण काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो. इंदूरच्या पश्चिमेला झाबुआ-अलीराजपूरचे आदिवासी मजूर गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले, तरुण वयात मेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नुसता रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पाणी मारून धूळ दाबणं आणि ती जागेवरच ओढून घेणारी यंत्रणा हाच खरा उपाय, आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याची तपासणी, कशी करतात? त्रास होतो का?

सुई नाही, किरण नाहीत. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, छाती पूर्ण भरून श्वास आणि मग एकदम जोरात फूंक, शेवटपर्यंत, साधारण सहा सेकंद किंवा जास्त. किमान तीनदा नीट जमलं पाहिजे आणि सर्वोत्तम दोन आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. फुंकणं अर्धवट झालं तर रिपोर्ट चुकीचा येतो, म्हणून करून घेणारा तंत्रज्ञ “अजून, अजून, सोडा!” असं ओरडतो. रागावू नका.

भरपेट जेवून जाऊ नका, कपडे सैल घाला, त्याआधी सिगारेट-बिडी नको, आणि पंप किती तास आधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा डोळ्याचं, छातीचं, पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

रिपोर्टमध्ये “अपेक्षितच्या ७८ टक्के” लिहिलंय. घाबरू का?

एका आकड्यावरून नाही. अपेक्षित आकडा वय, उंची आणि लिंग यांवरून काढतात, आणि कोणत्या लोकसंख्येशी तुलना केली यावरही तो बदलतो. भारतीयांचे आकडे युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने कमी येतात. यंत्रात कोणतं मानक भरलं आहे ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी अडचण वयाची. पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा हे प्रमाण ०.७ पेक्षा कमी आलं की अडथळा आहे, असा सोपा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण हे प्रमाण वयाबरोबर सगळ्यांचंच उतरतं. त्यामुळे ऐंशीच्या निरोगी आजोबांना उगाच आजाराचा शिक्का बसू शकतो आणि पस्तिशीच्या माणसाचा सुरुवातीचा अडथळा निसटू शकतो. त्या वयासाठीची किमान मर्यादा रिपोर्टवर छापलेली असेल तर तीही पाहावी. दोन-तीन वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन रिपोर्टांतला फरक एकट्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो. जुने कागद फेकू नका.

ऑक्सिमीटरवर ९७ येतं. म्हणजे फुप्फुसं उत्तम?

नाही. ऑक्सिजन खाली येण्याच्या खूप आधी राखीव ताकद गेलेली असू शकते. करोनाच्या काळात पसरलेली श्वास रोखून धरण्याची “चाचणी” तर काहीच सिद्ध करत नाही.

प्राणायामाने गेलेली ताकद परत येते का?

झिजलेले वायुकोश परत उगवत नाहीत. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण या आशेवर लोक औषध बंद करतात. पण सावकाश श्वसनाने आणि ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडण्याने अडकलेली हवा निघायला मदत होते, घाबरेपणा कमी होतो. त्याहून जास्त फायदा चालण्याचा. पायांचे स्नायू तयार असले की त्याच फुप्फुसांवर माणूस जास्त अंतर जातो. सीओपीडीत देखरेखीखालचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. कपालभातीसारखे जोराचे प्रकार हृदयविकार, हर्निया किंवा फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील तर विचारल्याशिवाय करू नयेत. पोटाचा घेर कमी केला तर श्वासपटलाला जागा मिळते आणि आकडेही थोडे सुधारतात.

टीबी पूर्ण बरा झाला, तरी दम का लागतो?

जंतू गेले, व्रण राहिले. टीबीनंतर श्वासनलिका अरुंद किंवा रुंद होऊन राहू शकतात. उपचार संपल्यावर एकदा स्पायरोमेट्री करावी. दरवेळी धाप लागली की पुन्हा टीबीची औषधं सुरू करणं चुकीचं. आधी थुंकी तपासा.

पंपाची सवय लागते का?

लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून गोळीपेक्षा खूप कमी मात्रा पुरते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. पंप बरोबर घेतला जात नसेल तर तो निरुपयोगी, म्हणून डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा.

लस घ्यावी का?

साठीनंतर किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकलची डॉक्टरांच्या सल्ल्याने. सीओपीडीत प्रत्येक मोठा झटका ताकदीचा एक तुकडा घेऊन जाऊ शकतो; झटका टाळणं हेच घट मंद करणं आहे.

बाबांना केदारनाथला न्यायचंय. जमेल?

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. तिथे हवेतला ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. इथे घरात ऑक्सिमीटरवर ९४ असणारे बाबा तिथे बरेच खाली जातील. निघण्याच्या किमान महिनाभर आधी स्पायरोमेट्री, सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. वाटेत कमी उंचीवर मुक्काम करत चढा, हेलिकॉप्टरने एकदम वर जाऊन पोहोचणं दमेकऱ्याला जास्त धोक्याचं. पंप हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. आणि डॉक्टर नको म्हणाले तर ओंकारेश्वर आहे, तेही ज्योतिर्लिंगच, आणि इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.